भिंतीवरची मुक्ताई

औशाच्या आजोळी देवघराशेजारी एक तसबीर होती. वाघावर बसून, सापाचा आसूड घेऊन आलेले चांगदेव आणि त्यांना सामोरी निघालेली भिंत. भिंतीवर ज्ञानेश्वर धरून चार भावंडं. त्यातली मुक्ताई मला माझ्याच वयाची वाटायची. चौदाशे वर्षांच्या योग्यानं गुरू केली ती या पोरीला, हे आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा.

पुढं लातूरला इतिहास शिकताना सनावळ्या समोर आल्या. मुक्ताई जन्मली १२७९ ला, १२९० ला ज्ञानेश्वरी झाली, १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरी लुटली. त्याच्या पुढच्याच वर्षी तापीकाठी मेहूणला मुक्ताई विजेच्या लोळात गुप्त झाली, असं परंपरा सांगते. वय अठरा. तसबिरीतल्या मुलीला तोवर काळच नव्हता; आता तिच्यामागं यादवांचं ढासळतं राज्य दिसू लागलं, आणि ती मला जास्तच जवळची झाली.

परवा नांदेडला भाचीनं जपानी मांगा हातात दिला, ‘पुएल्ला मागी तार्त मागिका’. त्यात जोन ऑफ आर्क एका अद्भुत प्राण्याशी करार करून जादूची शक्ती मिळवते आणि शंभर वर्षांच्या युद्धात उतरते. ‘‘मावशी, ही खरंच होती?’’ होती. १४२९ ला ओर्लेआँचा वेढा उठला तो तिच्यामुळं. १४३१ ला रूआँमध्ये तिला जाळलं, जेमतेम एकोणिसाव्या वर्षी.

मांगा मी एका बैठकीत वाचला. चित्रं देखणी आहेत, आणि इतिहासात जादू मिसळण्याला माझी हरकत नाही. माझी मुक्ताई तशीच तर आली. पण जोननं खटल्यात न्यायाधीशांना दिलेली उत्तरं कागदावर शिल्लक आहेत. ती वाचली की वाटतं, या मुलीला कराराची गरज काय होती? मुक्ताईचंही तेच. जग चालत्या भिंतीकडं बघतं; प्रभातच्या १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटातही भिंत चालते. मला मात्र ताटीच्या अभंगांतली मुक्ताई मोठी वाटते. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी, म्हणजे बांबूचं दार, लावून बसलेल्या मोठ्या भावाला, ज्ञानेश्वरांना, ती समजावते, हक्कानं आणि मायेनं. तिथं चमत्कार एकही नाही.

भाचीनं आता मुक्ताईचा मांगा काढायला घेतलाय. पहिलं पान भिंतीचं हवं, हा तिचा हट्ट. ताटीचं हवं, हा माझा. ताटी तिनं कधी पाहिलेली नाही, म्हणून रविवारी तिला बुरुडाकडं घेऊन जाणार आहे.