इशारा देऊन निरोप

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. शाखा कला, पण संगणकाचा नाद लागला, आणि गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ नव्या आवृत्तीवर नेण्याचे काम अंगावर आले. ते ‘जँगो’ या चौकटीच्या जुन्या, २.२ आवृत्तीत लिहिलेले होते.

त्यातील पानांचे पत्ते ‘यूआरएल’ नावाच्या फंक्शनने बांधलेले. डिसेंबर २०२१ च्या ४.० आवृत्तीत हे फंक्शन काढून टाकले गेले. पण ते अचानक गेले नाही. त्याची जागा घेणारे ‘री-पाथ’ २०१७ मध्येच आले होते. ऑगस्ट २०२० च्या ३.१ पासून ‘हे ४.० मध्ये जाणार’ असा इशारा मिळू लागला, ३.२ मध्येही मिळत राहिला. पायथॉनला सगळे इशारे दाखवायला सांगून चाचण्या चालवायच्या, एकेक इशारा मिटवायचा, मगच पुढच्या आवृत्तीवर जायचे.

हे करताना वडील डोळ्यांसमोर येत. बावीस वर्षे ते यंत्रमागावर राबले. कारखान्यात नवे माग आले तेव्हा संध्याकाळी एवढेच सांगितले गेले, ‘उद्यापासून येऊ नका.’ ना आधी इशारा, ना दुसरे काम.

जुने जायचेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संगणकाच्या एका ओळीला जी मुदत मिळते, ती माणसाला का मिळू नये? अर्थशास्त्राच्या तासाला ‘प्रगती’ हा शब्द आला की हाच प्रश्न मी वहीच्या समासात लिहून ठेवतो.