डेमोचं बटण दाबण्याआधी

धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात कीबोर्ड दाखवणारा माणूस अर्धा कलाकारच असतो. डेमोचं बटण दाबलं की अख्खा ऑर्केस्ट्रा वाजतो, गिऱ्हाईक खूश. चांगला विक्रेता मात्र ते बटण टाळतो. तो आधी विचारतो, शिकणार कोण?

मुलीसाठी आई आली असेल, तर तो एकच पट्टी आधी हळू, मग जोरात दाबतो. आवाजात फरक पडला तर टच रिस्पॉन्स आहे. 61 पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं, सुरुवातीला पुरतात.

भजनी मंडळातल्या काकांचं दुखणं वेगळं. गायचं काळी एकमध्ये, बोटं सरावलेली पांढरी एकला! ट्रान्स्पोज लावून दिलं की चेहरा उजळतो. मग प्रश्न येतो, मींड? त्यासाठी पिच बेंडचं चाक लागतं; ते सगळ्या मॉडेलांत नसतं, हे आपणहून सांगणारा विक्रेता विरळाच.

तयार तालांना नाकं मुरडणारेही येतात. पण 1981च्या कॅसिओ एमटी-40मधला, हिरोको ओकुदा यांनी रचलेला ‘रॉक’ ताल 1985 मध्ये जमैकातल्या ‘स्लेंग टेंग’ या रेगे गाण्याचा पाया ठरला.

आणि हो, अ‍ॅडॅप्टर किमतीत धरलाय का, तेवढं विचारून घ्या.