आधी प्रेमाने, मग प्रामाणिकपणे

‘ऑलमोस्ट फेमस’च्या सुरुवातीला एक हात पिवळ्या रेघी कागदावर पेन्सिलीने कलाकारांची नावं लिहीत जातो. पहिल्यांदा पाहताना आपण ती नावं वाचतो आणि चित्रपट कधी सुरू होतोय याची वाट बघत बसतो. पुन्हा पाहताना लक्षात येतं, की तो सुरू झालेलाच आहे. रॉक संगीतावरच्या चित्रपटात आपली गाठ पहिल्यांदा पडते ती लिहिणाऱ्या हाताशी; गिटार मागाहून येते.

लिहिणारा आहे कॅमेरॉन क्रो. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात वाढलेला, वर्गात सगळ्यांपेक्षा लहान आणि मिसरूड फुटायच्या आत ‘रोलिंग स्टोन’ मासिकासाठी लिहायला लागलेला. डिसेंबर १९७३ मध्ये ‘ऑलमन ब्रदर्स बँड’वरचा त्याचा लेख मासिकाची मुखपृष्ठकथा झाला, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. पुढे तो दिग्दर्शक झाला आणि २००० साली त्याने आपलं ते वय पडद्यावर आणलं. क्रोचा झाला विल्यम मिलर, पंधरा वर्षांचा. ऑलमन ब्रदर्स आणि त्याने जवळून पाहिलेल्या आणखी काही बँड मिळून झाला ‘स्टिलवॉटर’ नावाचा बँड, धड प्रसिद्ध नाही आणि धड अनोळखीही नाही असा. या पटकथेला ऑस्कर मिळालं. म्हणजे क्रोसाठी हा चित्रपट मुळातच एक पुनर्भेट आहे. तेव्हा जे नुसतं भोगलं, ते सत्तावीस वर्षांनी त्याने नीट पाहिलं. आपण तो पुन्हा लावतो, तेव्हा आपणही तेच करत असतो.

विल्यमला रॉकवर लिहिण्याच्या धंद्याचा गुरुमंत्र देतो लेस्टर बँग्ज. हाही खराखुरा माणूस. ‘क्रीम’ मासिकातून रॉकवर जळजळीत लिहिणारा, १९८२ मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेलेला. फिलिप सीमूर हॉफमनने तो उभा केला तो मोजून चार दिवसांच्या चित्रीकरणात आणि तेही फ्लूने बेजार असताना. लेस्टर पोराला ‘ब्लॅक सबाथ’वर हजार शब्द लिहायला सांगतो, मोबदला पस्तीस डॉलर. वर बजावतो, की या रॉकवाल्या मंडळींशी दोस्ती करू नकोस. ते तुला पाजतील, फिरवतील, तू त्यांच्यातलाच आहेस असं भासवतील. लिहायचं असेल तर खरं लिही आणि लिहिताना दयामाया दाखवू नकोस. विल्यम मान डोलावतो आणि पहिल्याच मैफिलीला जाऊन नेमकं उलटं करतो.

सगळी मेख इथेच आहे. पहिल्यांदा आपण विल्यमबरोबर चाहते होऊन आत शिरतो. दुसऱ्या वेळी कानात लेस्टर बोलत असतो. एकदा प्रेमाने पाहिलेली गोष्ट नंतर प्रामाणिकपणे पाहिली तर टिकते का, हा विल्यमपुढचा प्रश्न आहे आणि आपल्यापुढचाही. बहुतेक आवडत्या चित्रपटांचा दुसऱ्या वेळी निकाल लागतो. हा दोन्ही नजरांना पुरून उरतो.

मागच्या दाराशी घडणारा प्रसंग पाहा. दारावरचा माणूस विल्यमला आत सोडत नाही. तेवढ्यात स्टिलवॉटरची मंडळी येतात. हा पत्रकार म्हटल्यावर ते त्याला ‘शत्रू’ म्हणून झिडकारतात. मग विल्यम एकेकाला नावाने हाक मारतो, त्यांच्या नव्या गाण्यात कुठे पाऊल पुढे पडलंय ते सांगतो, गिटारच्या आवाजाची मनापासून तारीफ करतो आणि दार उघडतं. पहिल्यांदा आपण टाळ्या पिटतो. पुन्हा पाहताना दिसतं, की दार उघडलं ते स्तुतीने, आणि लेस्टरने सांगितलेला सापळा पाच मिनिटांत लागलेला आहे. पोराची दाद खरी आहे, अगदी शंभर टक्के. सापळा लागतो तो त्यामुळेच.

मग विल्यम लेखासाठी बँडबरोबर दौऱ्यावर निघतो. दौऱ्याच्या बसमधल्या त्या प्रसंगाबद्दल कुणाला विचारा, चेहरा खुलतो. गिटारवादक रसेल हॅमंड आणि गायक जेफ बीब यांचं टी-शर्टवरून वाजलेलं असतं. नव्या टी-शर्टवर एकटा रसेल स्पष्ट आणि बाकीचे सगळे धूसर. रसेल भडकून टोपीका गावात कुणा अनोळखी पोरांच्या पार्टीत जातो, नशेत छपरावरून पोहण्याच्या तलावात उडी ठोकतो. सकाळी त्याला उचलून बसमध्ये आणतात. कुणी कुणाशी बोलत नाही. एल्टन जॉनचं ‘टायनी डान्सर’ लागलेलं असतं. आधी एक जण गुणगुणतो, मग दुसरा, आणि हळूहळू सगळी बस गायला लागते. विल्यम बँडबरोबर फिरणाऱ्या पेनीला म्हणतो, मला घरी जायला हवं. ती म्हणते, तू घरीच आहेस.

पहिल्यांदा डोळे भरून येतात, आणि यायलाच हवेत. दुसऱ्यांदा पाहताना जाणवतं, की माफी कुणीच मागितलेली नाही. भांडण मिटलं नाही, नुसतं गाण्याखाली झाकलं गेलं. पुढे वादळात सापडलेल्या विमानात, आता मरणारच या खात्रीने, प्रत्येक जण मनातलं ओकून टाकतो, तेव्हा टी-शर्टापासून साचलेलं सगळं बाहेर पडतं. चित्रपटभर जवळजवळ मुका राहिलेला ढोलवाला तिथे एक वाक्य बोलतो आणि सगळे गार पडतात. हे ठाऊक झाल्यावर मागच्या प्रत्येक प्रसंगात नजर त्या ढोलवाल्याकडे जाते.

आणि पेनी लेन. केट हडसन. आपण ग्रुपी, म्हणजे वादकांच्या मागे लागलेली पोरगी, नाही, संगीतासाठी आलोय, असं ठासून सांगणारी. विल्यमच्या आणि तिच्या पहिल्याच भेटीत वयाचा खेळ चालतो. अठरा म्हणता म्हणता दोघं सतरावर येतात, मग सोळावर, आणि पोरगा शेवटी पंधरा कबूल करतो. पहिल्यांदा हसू येतं. पुन्हा पाहताना सोळा हा आकडा कानात अडकून बसतो. तिच्याबरोबरच्या मुलीही त्याच वयाच्या आसपासच्या, आणि सभोवार मोठे पुरुष. हे सगळं पडद्यावर पहिल्यापासून उघड होतं; आपण मात्र तिचा कोट आणि तिचं हसू बघत होतो.

तो बिअरचा प्रसंग तर मी थांबवून थांबवून पाहिलाय. पत्त्यांच्या डावात स्टिलवॉटरने पेनीला दुसऱ्या एका बँडकडे सोपवलेलं असतं, पन्नास डॉलर आणि बिअरच्या एका खोक्याच्या बदल्यात. विल्यमला राहवत नाही आणि तो हे तिला तोंडावर सांगतो. हडसनच्या चेहऱ्यावर आधी काहीच होत नाही. मग ओठ हसतात, डोळे मात्र हसत नाहीत. एक थेंब ओघळतो, ती तो पुसते आणि विचारते, कुठली बिअर? मुलीची सगळी हुशारी, सगळा अपमान आणि सगळा अभिनय त्या दोन शब्दांत आहे. ती विल्यमपुढेही अभिनयच करत होती, हे आपल्याला उमजतं ते दुसऱ्या फेरीत.

इथे क्रोलाही लेस्टरची फूटपट्टी लावावी लागते. हॉटेलात पेनी गोळ्या घेऊन निपचित पडते. विल्यम तिला शुद्धीवर ठेवायला धडपडतो, प्रेमाची कबुली देतो आणि डॉक्टर तिचं पोट साफ करत असताना स्टीव्ही वंडरचं गोड गाणं वाजतं. पोराच्या नजरेने ते ठीक आहे. पण कॅमेराही पोराइतकाच भाळलेला आहे. मुलींनी मिळून विल्यमचं कौमार्य हरण करण्याचा प्रसंगही नुसता गमतीत उडवलाय. क्रो मुळात चाहता आहे, आणि चाहत्याचा हात जिथे हळवा होतो तिथे या चित्रपटाचा होतो. हे दिसल्यावर चित्रपट लहान होत नाही. त्याचा कर्ता मात्र जवळचा वाटायला लागतो.

उलट विल्यमची आई दर खेपेला मोठी होत जाते. फ्रान्सिस मॅकडॉरमंडची इलेन कॉलेजात शिकवते. घरात रॉकला बंदी. पोरगी वैतागून घर सोडते तेव्हा कारण शब्दांत सांगत नाही, आईला सायमन आणि गारफंकल यांचं एक गाणं ऐकवते आणि जाताना आपल्या रेकॉर्डी भावाच्या पलंगाखाली ठेवून जाते. इलेन पहिल्यांदा विनोदी वाटते. पुन्हा पाहा: पंधरा वर्षांच्या मुलाला बँडबरोबर पाठवण्याची हिंमत अख्ख्या चित्रपटात तिच्या एकटीत आहे. फोनवरचा प्रसंग आठवा. रसेल मोठ्या ऐटीत विल्यमच्या हातातून फोन घेतो, बाईंना गुंडाळायला निघतो. इलेन आवाज न चढवता बोलत राहते: माझ्या मुलाला काही झालं तर गाठ माझ्याशी आहे, आणि तुलाही भला माणूस व्हायला अजून उशीर झालेला नाही. रसेलचे खांदे सरळ होत जातात आणि हेडबाईंसमोर उभ्या केलेल्या पोरासारखा तो होकार भरत राहतो. त्याच्याशी खरं बोलणारं पहिलं माणूस त्याला भेटलंय, तेही फोनवर.

शेवटी विल्यमही खरं बोलतो. दौऱ्यानंतर तो लेस्टरला रात्री उशिरा फोन करतो. लेस्टर घरीच असतो; तो नेहमी घरीच असतो आणि त्याबद्दल त्याला लाजही नाही. त्या एका संभाषणात पोराला बळ मिळतं आणि तो स्टिलवॉटरवरचा लेख लिहितो. रसेल आधी तो साफ नाकारतो, नंतर विल्यमच्या घरी येऊन मुलाखत देतो. संगीतात तुला काय आवडतं, या साध्या प्रश्नाचं त्याचं उत्तर चाहत्याचं आहे. पण तो प्रश्न विचारण्याचा हक्क विल्यमने टीकाकार होऊन कमावलेला आहे.

चित्रपटगृहात हा चित्रपट पडला. सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाने जगभरात पाच कोटीही मिळवले नाहीत. तो जगला तो घरोघरी पुन्हा पुन्हा पाहिला गेल्यामुळे. १२२ मिनिटांची मूळ प्रत आधी पाहा. आवडली तर १६२ मिनिटांची लांब प्रतही आहे. तिच्या डीव्हीडीवर गाळलेला एक प्रसंग आहे, ज्यात विल्यम आईला लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ पूर्ण ऐकवतो. त्या बँडने इतर गाणी वापरू दिली, पण याला परवानगी मिळाली नाही. म्हणून पडद्यावर सूचना येते, की आता तुमच्याकडची रेकॉर्ड लावा. नाइलाजाने काढलेली ही तोड असली, तरी चित्रपट पुन्हा कसा पाहावा हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा गाणं हाताशी ठेवा आणि पुन्हा पाहायला बसा.