थंड तव्यावरची भाकरी

व्यायाम करण्यापेक्षा व्यायाम करणाऱ्यांकडे पाहण्यात प्रकृतीला जास्त आराम मिळतो, असं माझं जुनं मत आहे. आमच्या देवगाव रंगारीत त्याची सोयही उत्तम. डिसेंबरात कन्नड तालुक्यातली पहाट कानाला चावते. अशा वेळी मी कानटोपी घालून रस्त्याकडेला उभा राहतो आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पाहतो. कोरडवाहू चार एकर, वाटेकरी तीन भाऊ आणि कापसाचा भाव हे गणित ज्याला सुटत नाही, तो पोरगा बूट बांधतो. त्यामुळे त्या रस्त्यावर नुसते पाय धावत नसतात, मागे अख्खं घर धावत असतं.

पण ही पोरं येतात ती गोधडीतून थेट. एकजण मोबाइलमधलं घड्याळ लावतो, शिट्टी होते आणि बाकीचे शंभर मीटर सुसाट सुटतात. अंगाची ऊब गोधडीतच राहिलेली असते.

"अरे, आधी अंग तरी मोकळं करा," मी एकदा म्हणालो.

"काका, अंग गरम करण्यातच दम जातो. मग पळायला काय उरलं?"

दम म्हणजे जणू बरणीतलं साजूक तूप! चमचाभर आधी काढलं तर सणाला कमी पडायचं.

याच पोराची आई तवा तापल्याशिवाय भाकरी टाकत नाही. टाकली तर चिकटते, फाटते, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. पहाटेच्या एसटीचा ड्रायव्हरही इंजिन सुरू करून गाडी उभी ठेवतो. ब्रेकच्या टाकीत पुरेशी हवा भरल्याखेरीज तो जागचा हलत नाही. आपण आत बसून चडफडतो, पण 'साहेब, डिझेल वाया चाललंय' असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. गवयानं तासभर खर्ज लावला तर ती साधना, आणि पोरानं दहा मिनिटं जागच्या जागी उड्या मारल्या तर तो येडपट. खरी अडचण दमाची नाहीच. लोक काय म्हणतील, ही आहे.

तालमीत ही अडचण नव्हती. पैलवान आखाड्यात उतरला की आधी फावडं घेऊन माती उकरायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, झाडलोट चालली आहे. तेवढ्यात खांदे, कंबर, मांड्या सगळं कामाला लागलेलं असायचं. माती मऊ व्हायची आणि पैलवानही. कुस्तीची धरपकड त्यानंतर. त्याला कुणी 'वॉर्मअप' म्हणत नव्हतं, म्हणून त्याची लाजही वाटत नव्हती.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त व्यायामशिक्षक आहेत. त्यांनी मला यातलं गुपित समजावलं. माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. जीव खाऊन पळताना पाचातले चार हिस्से तिकडे लागतात. आता एवढी मोठी बदली एका शिट्टीवर कशी होणार? सरकारी बदलीसारखंच आहे ते. आधी ऑर्डर निघायची, मग चार्ज द्यायचा, मग सामान हलायचं. शिवाय तापलेला स्नायू लवकर आखडतो, लवकर सैल पडतो आणि रक्तातला प्राणवायूही त्याला सहज मिळतो. मात्र पळण्याच्या तोंडावर पाय ताणून मिनिट-दोन मिनिटं तसंच धरून बसू नये, त्यानं उलट जोर थोडा कमी होतो, हेही त्यांनीच सांगितलं. आधी चालावं, मग सावकाश पळावं, गुडघे उचलावेत, पाय झुलवावेत आणि शेवटी वेग चढवत दोन-तीन छोट्या धावा काढाव्यात. कपाळाला बारीक घाम आला की काम झालं. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं यानं टळेल, या भ्रमात मात्र राहू नये. ते दुखायचं तेवढं दुखतंच.

नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या १८९२ मुलींची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. खेळाआधी वीस मिनिटं ठरावीक कवायत करणाऱ्या संघांत मोठ्या दुखापती इतरांच्या जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. नॉर्वेच्या थंडीत जे जमलं, ते कन्नडच्या थंडीत न जमायला काय झालं?

आमच्या गल्लीतल्या एका पोराला हे पटवायला नॉर्वे लागलं नाही. भरतीत १६०० मीटर झाले, ७.२६० किलोचा गोळाही फेकून झाला. मग दीड तास थंड फरशीवर बसून त्याचा १०० मीटरचा नंबर आला. साठेक मीटरवर मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारला असं वाटून त्यानं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. स्नायू फाटला होता. वर्ष गेलं. घरी आईनं हळद लावली आणि बाप दोन दिवस बोलला नाही.

पुढच्या खेपेला हा शहाणा झाला. पहाटे पाचला गरम केलेलं अंग साडेनऊच्या धावेपर्यंत टिकत नाही, तासाभरात सगळं मुसळ केरात, हे त्याला कळून चुकलं होतं. म्हणून पुढे पंधराएक जण उरले तसा हा रांगेतच उठला आणि जागच्या जागी पळायला लागला. दोनशे जण बसलेले आणि हा एकटा गुडघे उचलतोय.

"काय रे, मुंगळा चढला का?" मागून कुणीतरी ओरडलं. रांग हसली. बंदोबस्तावरचा हवालदार काठी आपटत जवळ आला, त्यानं याला खालीवर पाहिलं आणि हसणाऱ्यांकडे वळून म्हणाला, "दात काय काढता? उठा सगळे. हा करतोय तसं करा."