आवाज कधी येतो?

बाबांची ओम्नी ठेवायची की भंगारात द्यायची, यावर गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात एकमत होईना. गाडी २००८ सालची. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतलेली. बाबा तिच्यातून आगाशीची केळी विरार स्थानकापर्यंत नेत. ते गेल्यावर आम्ही दोघे (दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो) तिच्यातून तासांना जाऊ लागलो. अलीकडे मात्र तिच्या पोटाखालून ‘टक्’ असा आवाज येई आणि वेग वाढला की बूड थरथरे. एका गॅरेजने क्लचप्लेट बदलून दिली. पैसे गेले, आवाज राहिला.

सातिवलीकडच्या दुसऱ्या एका लहानशा गॅरेजात आम्ही या लक्षणांचे सविस्तर निरूपण केले. कारागिराने ते मध्येच थांबवले. “सर, आवाज कुठून येतो ते मी बघतो. कधी येतो तेवढं सांगा.” वर्गात ओळीओळीवर थांबून प्रश्न विचारणाऱ्या आम्हांला याचे उत्तर देता आले नाही. मग त्यांनीच गाडी मागेपुढे केली. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येताना क्लच सुटला, की टक्. म्हणजे जोर दिशा बदलतो त्या क्षणीच.

चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून ते खाली शिरले आणि त्यांनी शाफ्ट हाताने उलटसुलट पिळला. मागचा क्रॉस गेला होता.

ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, पण ओढतात मागची चाके. मागचा ॲक्सल पाट्यांवर खालीवर होतो, त्यामुळे मधला शाफ्ट कोन बदलत फिरतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस लागतो : चार हात, चार कप, कपांत सुईएवढे रोलर. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने अभ्यासलेला हा सांधा मोठा विक्षिप्त. कोनात फिरताना तो गती एकसारखी पोचवत नाही. दर फेऱ्यात ती दोनदा वाढते, दोनदा घटते. दुसऱ्या टोकाचा सांधा तीच चूक उलट करून हिशेब पुरा करतो. अट इतकीच, की दोन्हींचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत. (विवाहितांनी यावर फार विचार करू नये.)

फ्लँज सोडण्यापूर्वी कारागिराने दोन्ही भागांवर छिन्नीची खूण केली. जसा होता तसाच बसला नाही तर शाफ्टचा तोल जातो. लॉक काढून कप ठोकले, तर आत ग्रीसऐवजी तांबूस पूड आणि क्रॉसच्या हातांवर सुयांच्या रेघा. जुलै २०१८मध्ये वसई-विरार बुडाले तेव्हा बाबांनी ही गाडी गुडघाभर पाण्यातून काढली होती. पण दोष त्याच पाण्याचा, असे म्हणवत नाही. आमचे रस्ते त्यानंतरही बुडत आलेच आहेत.

नवा कप बसवताना एक सुई आडवी पडली आणि कप शेवटपर्यंत जाईना. त्यांनी जोर केला नाही. कप बाहेर काढला, सुया पुन्हा ग्रीसमध्ये एकेक उभ्या केल्या, मग दाबला. सांधा चारी दिशांनी बोटाने फिरतो ना, हे पाहूनच शाफ्ट वर चढवला.

जुना क्रॉस वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. का, ते सांगता येणार नाही. घराच्या गल्लीत शिरण्यासाठी रिव्हर्स घ्यावा लागतो. गिअर बदलताना आम्ही दोघेही बोलायचे थांबलो. भंगाराचा विषय त्या दिवशी निघाला नाही.