बॅगांपाशी कोण बसणार?

मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर तुम्ही काय करता? थांबा, मीच सांगते. तुम्ही बॅगांपाशी बसता. महाबळेश्वरला घरची मंडळी होडीत बसून वेण्णा तलावात फिरतात, तेव्हा काठावर चपला कोण राखतं? गणपतीपुळ्याला सगळे समुद्रात शिरतात, तेव्हा घड्याळं, चष्मे, पाकिटं कोणाच्या मांडीवर असतात? माझ्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती, आणि आमच्या सहलींच्या फोटोंत मी एकतर नाहीच, असले तर कडेला, दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवून उभी! तक्रार करत नाही हं. कुणीतरी बसायलाच हवं. पण २०२४ च्या मार्चात आम्ही गुलमर्गला गेलो आणि तिथे मी जन्मात पहिल्यांदा म्हटलं, "आज मी नाही बसणार."

तुम्ही म्हणाल, सोलापूरची छत्तिशीची बाई आणि बर्फावर घसरणं, हे काय भलतंच! आमच्याकडे मार्च म्हणजे वाळवणांचे दिवस. कुरडयांचा गहू भिजत घालायचा सोडून हिला बर्फ कुठला आठवला, असं सासूबाईंना वाटलंच. शिवाय मुलांच्या परीक्षा एप्रिलात. त्या म्हणाल्या, "पुस्तकं तरी न्या बरोबर." नेली. जशी नेली तशी परत आणली.

हे वेड डोक्यात शिरलं ते २०२२ साली. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारतातून एकच खेळाडू गेला होता, आरिफ खान. त्याचं गाव गुलमर्गच्या पायथ्याशी, टंगमर्गजवळ. तिरंगा घेऊन निघालेला त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला तो मी कापून वर्गात लावला. मुलींनी विचारलं, "बाई, स्कीइंग म्हणजे नेमकं काय?" मी पुस्तकी उत्तर दिलं, पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे. उत्तर बरोबर होतं, पण देताना मलाच ते खोटं वाटलं. तव्याला हात न लावता भाकरीची कृती सांगावी, तसं.

मी एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाहीत. आठवडाभर जायचं म्हणजे तेवढी मिळकत बुडाली. तरी त्यातूनच मी दोन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकत होते. कपाटात, पैठणीच्या घडीत, एका पाकिटात. आमच्या ह्यांना ते ठाऊक नव्हतं. (आता ठाऊक झालंय, म्हणून जागा बदलली आहे.)

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी निघालो. पुणे, दिल्ली, श्रीनगर हा प्रवास काही सांगण्यासारखा नाही, विमानतळ सगळीकडे सारखेच. श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. टंगमर्गला गाडी थांबवून चाकांना लोखंडी साखळ्या चढवल्या, तेव्हा मात्र पोटात कालवाकालव झाली. तिथून तेरा किलोमीटरचा वळणावळणाचा घाट, दोन्ही बाजूंना देवदार आणि कडेला रचलेला बर्फ, आमच्या गाडीच्या टपाएवढा. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर! पहिल्या दिवशी जिना चढतानाही दम लागतो, तो वयाचा नव्हे, हवेचा. एक दिवस नुसतं बसून घ्या.

गुलमर्गचं मूळ नाव गौरीमर्ग म्हणतात. सोळाव्या शतकात सुलतान युसूफशहा चकने ते बदलून गुलमर्ग, फुलांचं कुरण, असं केलं. आम्ही गेलो तेव्हा फूल एकही नव्हतं. मधोमध बशीसारखं पांढरंशुभ्र मैदान, त्याखाली गोल्फचं मैदान पुरलेलं. टेकाडावर महाराणी मंदिर, तेच, राजेश खन्ना आणि मुमताजच्या गाण्यातलं. महाराजा हरिसिंगांच्या राणीने १९१५ साली बांधलेलं. संध्याकाळी पायऱ्या चढून जाऊन आम्ही हात जोडून आलो. त्याच वर्षी जूनमध्ये ते देऊळ आगीत जळाल्याची बातमी वाचली, तेव्हा त्या लाकडी खांबांचा थंडगार स्पर्श हाताला आठवला.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कामं वाटली. मुलं स्की शिकतील, हे त्यांचे फोटो काढतील, आणि "तू इथे व्हरांड्यात उन्हाला बस, बॅगा आहेत." मी पर्समधून पाकीट काढलं. "मीही शिकणार. माझे पैसे आहेत." हे क्षणभर गप्प. मग म्हणाले, "पैशाचं नाही गं. हातपाय मोडला तर? घर कोण बघेल?" बघा हं, हातपाय माझा, काळजी घराची! पण खरं सांगू? तीच भीती माझ्याही मनात होती. तव्यापाशी कोण उभं राहणार, तास कोण घेणार? माझ्यासारखीचा पाय मोडणं म्हणजे पगारही मोडणं. त्यांना उत्तर न देता मी बूट आणायला गेले, कारण उत्तर द्यायला थांबले असते तर बसलेच असते.

बूट भाड्याने मिळतात आणि फजितीची सुरुवात तिथूनच होते. कडक प्लॅस्टिकचे, नडगीच्या अर्ध्यावर येणारे, चार-चार पट्ट्यांचे. दुकानदाराने लेकीला एक नंबर मोठे दिले, "थोड़ा बड़ा अच्छा रहता है" म्हणून. संध्याकाळी बिचारीच्या टाचेला हा एवढा फोड. तेव्हा लक्षात ठेवा, ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की तो मागे सरकला पाहिजे. मोजा एकच, पातळ लोकरीचा. आपण मायेपोटी दोन-दोन चढवतो, त्याने पाय आवळतो आणि उलट गारठतो. आतले कपडे सुती नकोत. घामाने भिजले की वाळत नाहीत.

आमचे शिकवणारे टंगमर्गकडचेच, तिशीचे, अतिशय शांत. आधी त्यांनी पडायला शिकवलं! कडेला पडायचं, मांडीवर, मागे नव्हे. मग उठायचं. पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, म्हणजे त्या पळत नाहीत, आणि हाताने रेटा देऊन उभं राहायचं. पहिला तास मी पडणे आणि उठणे एवढंच केलं. दहा वर्षांचा थोरला तोवर खाली पोचून हात हलवत होता. नंतर आली ती युक्ती, पुढची टोकं जवळ, टाचा लांब, पट्ट्यांचा कौलारू छपरासारखा आकार. आतल्या कडा बर्फात रुतवल्या की वेग मरतो. ऐकायला सोपं. पण उतार दिसला की शरीर आपोआप मागे झुकतं, आणि मागे झुकलं की पट्ट्यांची टोकं हलकी होऊन त्या सुसाट सुटतात. "मॅडम, डर के पीछे जाओगे तो गिरोगे. आगे झुको, घाटी की तरफ." म्हणजे ज्या बाजूला जायची भीती, तिकडेच झुकायचं, नडगी बुटाच्या जिभेला टेकवून. माझ्या डोक्याला पटलं, पाठीला पटायला दीड दिवस लागला.

बर्फाचं एक आणखी शिकले, आणि ते तुम्हांला मला लगेच कळेल, कारण आपण रव्याच्या माणसं. वसंतातला बर्फ दिवसभरात तीन रूपं घेतो. रात्री वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं, म्हणून सकाळी आठला तो फरशीसारखा टणक, त्यावर पट्टी धरत नाही. दहा-अकराला वरचा थर सुटून रवाळ होतो, लाडवाच्या जाडसर रव्यासारखा. तीच शिकायची वेळ, पडलं तरी लागत नाही. दुपारी दोननंतर मात्र पाकात पडलेल्या रव्याची गत. पट्ट्या चिकटतात, गुडघे पिळवटतात. अपघात तेव्हाच होतात, आणि दमलेलं माणूस "आता शेवटची एकच" म्हणतं तेव्हा. मोठ्या डोंगरावर ओल्या बर्फाचे लोटही उन्हं चढल्यावरच सुटतात. त्याच फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू दगावला होता. म्हणून वरच्या उतारांवर नवशिक्यांनी पट्ट्या बांधून जायचा विचारही करू नये. पहायला मात्र जरूर जा. गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, दोन टप्प्यांत जातो. कोंगदोरीपर्यंतचा १९९८ चा, तिथून अफरवतच्या खांद्यापर्यंतचा २००५ चा. वर जवळजवळ चार हजार मीटरवर पोचतो आपण. तिकिटं घरूनच काढून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत. आम्ही वर वीस मिनिटं थांबलो. धाकटीचं डोकं दुखायला लागलं, तशा उतरलो. उंचीवर मूल कुरकुरलं तर लाड समजू नका, खाली आणा.

लाकडी घसरगाडी ओढणारे गाडीतून उतरल्याबरोबर घेरतात. माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ दोरी खांद्यावर घेऊन मागे लागले, "बैठो, मंदिर तक." माणसाने ओढलेल्या गाडीत कसं बसायचं? मी तोऱ्यात म्हटलं, "आम्ही चालत जाऊ." ते चिडले नाहीत. म्हणाले, जानेवारीत इथे बर्फच नव्हता, मैदान नुसतं वाळक्या गवताचं, महिनाभर एक पैसा मिळाला नाही. तुम्हीही चालतच जाणार असाल तर बर्फ पडून उपयोग काय? मला काही सुचेना. रोज सकाळी आमच्या चौघांच्या पट्ट्या आणि बूट उतारापर्यंत त्यांच्या गाडीवर न्यायचं ठरवलं, भाव आधीच पक्का करून. बसले मात्र नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही. शिकवणारेही तेच सांगत होते. २०२४ ची जानेवारी कोरडी गेली, बर्फ फेब्रुवारीत आला. ह्या लोकांचं वर्षाचं धान्य आभाळातून पडतं, आपल्या शेतकऱ्यासारखं.

खाण्याचं म्हणाल तर सोलापूरकरणीला चिंता नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महिनाभर टिकते, थंडीत तर जास्तच. शिकवणाऱ्यांना दिली, त्यांनी काहव्यात बुडवून खाल्ली! आणि एक, ऊन कोवळं दिसतं पण बर्फावरून उलटून येतं. काळा चष्मा आणि उन्हाचं क्रीम विसराल तर परत येताना ओळख पटणार नाही. ह्यांनी "पुरुषांना काय करायचंय" म्हणून लावलं नाही. नाकाची सालं सोलापूरपर्यंत पडत होती. ओठांना मी साजूक तूप लावत होते. मोबाईलचं सांगून ठेवते, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड आमच्या वेळी तिथे चालत नव्हतं, पोस्टपेडच लागलं.

चौथा दिवस शेवटचा. आदल्या रात्री माझ्या दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. ह्यांनीच गरम पाण्याने शेकून दिल्या, न बोलता. मला वाटलं आता म्हणतील, पुरे झालं. म्हणाले, "उद्या दहाला निघायचं ना? रवाळ असतो तेव्हा?" म्हणजे ऐकत होते तर!

सकाळी खोली सोडून सामान घेऊनच उतारापाशी गेलो. बॅगा लाकडी बाकावर रचल्या आणि कुणी काही ठरवायच्या आत हे त्यांच्या शेजारी बसले. मी लिफ्टने वर गेले. वरून तो उतार केवढा वाटला म्हणून सांगू! शिकवणारे बाजूला उभे राहिले, हात धरला नाही. टाचा फाकवल्या, नडगी पुढे टेकवली आणि निघाले. कानांत वारा, पोटात गोळा. मध्येच पाठ मागे जाऊ लागली, तिला दटावून पुढे आणली. डावीकडे वळले, मग उजवीकडे, आणि कुठेही न पडता सपाटीवर येऊन आपली आपण थांबले. मुलं ओरडत धावत आली. मी धापा टाकत बाकापाशी गेले आणि विचारलं, "काढलात ना फोटो?"

हे दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवून, मांडीवर थर्मास आणि मुलांच्या टोप्या घेऊन बसले होते. म्हणाले, "अगं, कसा काढणार? हात मोकळे कुठे होते!"