मुलाखतीनंतरची रात्र

बंगळूर. एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत पीएचडी प्रवेशाची मुलाखत झाली. कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारातल्या झाडीतून परत येताना डोक्यात फळमाशीच भणभणत होती.

प्रश्न वरकरणी साधा होता. उष्णता वाढली की एक माशी लुळी पडते, गार झालं की पुन्हा उडते. दोष चेतातंतूत की स्नायूत, कसं ठरवाल? मी जनुकांचं पुराण लावलं. एका मॅडमनी शांतपणे खडू पुढे केला, “जनुक राहू दे, माशी काढ.” मग सुचलं. तापलेल्या माशीच्या स्नायूलाच थेट विजेचा हलका झटका द्यायचा. तो आखडला, तर स्नायू ठणठणीत. घोळ वरच्या तारेत. “आणि तुलना कशाशी?” तेवढ्याच तापमानातल्या निरोगी माशीशी. ही सगळी वाट ओबेद सिद्दिकी आणि सीमूर बेन्झर या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच तुडवलेली. त्याच सिद्दिकींनी ही संस्था उभारली. म्हणजे घरचाच प्रश्न विचारला की!

डिसेंबरच्या लेखी परीक्षेसाठी पाठ केलेलं क्रेब्सचक्र कुणी विचारलंही नाही. बरंच झालं.

बाबांचा फोन आला. पीएचडीला फी भरण्याऐवजी आपल्यालाच पैसे मिळतात, हे त्यांना अजून पटत नाही. जेआरएफ ही संशोधनवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० झाली, म्हटल्यावर म्हणाले, “मग नोकरीच म्हण ना, शेजारी सांगायला सोपं!”

उद्यापासून आयसर या दुसऱ्या संस्थेच्या मुलाखतीची तयारी. आधी माशी काढायला शिकते.